नकार माझ्या नावावर

“दार नीट लागलंय का मॅडम?”

लागलेलं होतं. तरी मी उठले, कडी घातली आणि ओढून दाखवली. मग ती खुर्चीच्या कडेवर बसली, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून, आणि दाराखालच्या फटीकडे बघत राहिली. मीही बघितलं. फटीतून बाहेरच्या काळ्या चपलांची टोकं दिसत होती. बाहेर बाक होतं, बसायला जागाही होती. पण तिचे थोरले भाऊ तात्या बसले नव्हते.

“मला नाही द्यायची,” ती म्हणाली. इतक्या हळू, की मला ते ओठांवरूनच कळलं. “पण मी असं म्हणाले हे बाहेर कळता कामा नये. कधीच.”



गाव सांगत नाही, आणि नावंही बदलली आहेत. मी तेव्हा एका वैद्यकीय महाविद्यालयात जैवनीतिशास्त्र शिकवत होते. मूळची मी औषधशास्त्राची. उंदरांना सुया टोचून टोचून वीट आला आणि या विषयाकडे वळले. मुलं माझ्या तासाला ‘कीर्तन’ म्हणायची आणि मागच्या बाकांवर शरीरशास्त्राची पुस्तकं उघडून बसायची. लोकांना वाटतं, नीतिशास्त्र शिकवणारी बाई म्हणजे वाघीण असणार. कसली वाघीण आणि कसलं काय. मी पालीला भिते, अधिष्ठात्यांना भिते, अवेळी फोन वाजला तरी दचकते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘संमती’ लिहायला काही हिंमत लागत नाही.

आमच्या इस्पितळात किडनी बसवायच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या. देणारा माणूस राजीखुशीनं देतोय ना, हे बघायला एक समिती होती आणि तिच्यात मी होते. तिथं मी हट्टानं एक पद्धत पाडली होती. समितीपुढे आणण्याआधी देणाऱ्या माणसाला मी एकटी भेटणार. नातेवाईक नाहीत, डॉक्टर नाहीत, नर्सही नाही. भरल्या खोलीत ‘तुमच्यावर जबरदस्ती नाही ना?’ असं विचारलं की सगळ्या नाहीच म्हणतात. सगळ्या म्हणते, कारण आमच्याकडे घेणारे बहुतेक पुरुष असायचे आणि देणाऱ्या बहुतेक बायका.

कुणी खरंच नको म्हणालीच, तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. किडनीचे डॉक्टर मुजावर बाहेर जाऊन घरच्यांना सांगणार, की यांची किडनी चालत नाही. बस्स. तिनं नको म्हटलं हे घरात कळू द्यायचं नाही, दोष सगळा रक्तावर ढकलायचा. हे मी मुलांना मोठ्या झोकात शिकवायचे. प्रत्यक्षात तशी वेळ एकदाही आली नव्हती. उज्ज्वला पहिली.

तिचा धाकटा भाऊ विश्वजित डायलिसिसवर होता. नुकतं लग्न झालेला, देखणा, हसरा मुलगा. वॉर्डातल्या नर्सना तो ‘ताई’ म्हणायचा आणि त्या त्याच्यासाठी घरून लाडू आणायच्या. थोरला भाऊ तात्या भोईटे. विटांच्या भट्ट्या, चार गावांत शब्दाला वजन, इस्पितळाच्या ट्रस्टींमध्ये ऊठबस. तात्यांना स्वतःला साखरेचा आजार, आईचं वय झालेलं, विश्वजितच्या बायकोचा रक्तगट जुळेना. राहिली उज्ज्वला. तिला नवऱ्यानं टाकलेलं. तेव्हापासून ती माहेरीच, तात्यांच्या घरात.

मी तिला विचारलं, कुणी मारलं का, धमकावलं का. तिनं मान हलवली. तात्या वाईट नाहीत, म्हणाली. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा तेच गाडी घेऊन न्यायला आले, आणि त्यानंतर कधी वाकड्या शब्दानं बोलले नाहीत. मग विश्वजितवर काही राग? तर ते ऐकून तिला हसूच आलं. त्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं.

“मग?”

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “पोट कापतील, आत हात घालतील, त्याची. नुसतं मनात आलं की हातपाय गार पडतात. लोक म्हणतात, सख्ख्या भावापुढं भीती कसली. पण वाटते. रोज वाटते. एवढं कारण चालतं का, मॅडम?”

इतकी वर्षं मी कारणांवर व्याख्यानं दिली होती. आणि समोर ही बाई विचारत होती, भीती चालते का. मला, जिला दारामागच्या चपलांकडे बघवत नव्हतं.

“चालतं,” मी म्हणाले.

तरी माझं काम म्हणून मी तिला सगळं नीट समजावलं. शस्त्रक्रियेचा धोका कमी असतो, एका किडनीवर माणूस चांगला जगतो. तिनं दिली नाही तर विश्वजित डायलिसिसवर राहील. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नाही. हेही सांगितलं, लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला कळतंय, म्हणाली, बारावी झालेय मी. आणि पुन्हा तेच: नाही द्यायची.

“आणि हे घरी कळलं तर? त्रास देतील तुम्हाला?”

“हात कुणी लावणार नाही. जेवायलाही वाढतील. पण कसं वाढतील ते मला माहीत आहे, मॅडम. जन्मभर तसं वाढलेलं जेवायचं. त्यापेक्षा मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपते.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दोघीही एकदम उठून उभ्या राहिलो.

“झालं का मॅडम?” तात्यांचा आवाज अगदी मऊ होता. “न्हाई, पोरीनं सकाळधरनं काय खाल्लं न्हाई, म्हनून इचारलं.”

मी ‘थोडं राहिलंय’ असं काहीतरी बोलले. माझाच आवाज मला ओळखू येईना. धमकी दिली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. धमकीचं काय करायचं ते नियमांत तरी लिहिलेलं होतं. उज्ज्वलाला मी तिथंच बसायला सांगितलं, मी बघते म्हणाले, आणि आतल्या दारानं समितीच्या खोलीत गेले.

तिथं मुजावर आणि आमचे अध्यक्ष डॉ. हेर्लेकर चहा पीत बसले होते. मी मुजावरांना म्हटलं, ती नाही म्हणतेय, तुम्ही आता बाहेर जाऊन सांगा की किडनी चालत नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

“कसं सांगू मॅडम? सगळं जुळतंय हे त्यांना केव्हाच कळलंय.”

“कुणी सांगितलं?”

त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरनं. रिपोर्ट आले तसा तो आनंदानं वॉर्डात धावत गेला होता. तात्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. मुजावरांनीही खाल्ला होता. मीही खाल्ला होता की, कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवलेला. कुठल्या आनंदाचा ते विचारलंही नव्हतं.

आमची चूक तेव्हा डोक्यात शिरली. आम्ही आधी बाईच्या रक्ताला विचारलं होतं आणि मग बाईला. चाचण्या आधी, भेट शेवटी, सगळीकडे असंच चालायचं आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता रक्तानं हो म्हटल्याचं सगळ्या गावाला माहीत झालं होतं. दुसरं काही दुखणं काढू म्हटलं तरी तात्या तिला पुण्याला नेऊन तपासून आणणार. तपासण्या चोख निघाल्या की घरातल्या लहान पोरालाही कळलं असतं, की नाही कोण म्हणालं.

हेर्लेकरांना उशीर होत होता. ते म्हणाले, मग सरळ सांगून टाकू या की बाईची तयारी नाही, आपण कशाला मधे पडायचं. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. ते उठले आणि दाराकडे निघाले. मी त्यांच्या आडवी गेले. अध्यक्षांना आडवी जायची माझी ती पहिलीच वेळ.

“सर, माझा विरोध आहे असं सांगा.”

“तुमचा? कशाला?”

“माझं मत.”

आमच्या समितीत एकाचाही विरोध असला तर प्रकरण तिथंच थांबायचं. आणि मत काही रक्तासारखं पुण्याला नेऊन तपासता येत नाही. हे शौर्य वगैरे काही नव्हतं, उगाच कुणी तसं समजू नये. मला दुसरं काही सुचलंच नाही. हेर्लेकर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग तुम्हीच सांगा बाहेर, माझी तयारी नाही. मुजावर मात्र उठून माझ्याबरोबर आले. त्यांचे ते उपकार मी विसरलेले नाही.

बाहेर तात्या होते, मागे गावची दोन-तीन माणसं आणि भिंतीला टेकून विश्वजितची बायको. उज्ज्वला आमच्या मागून आली आणि तात्यांशेजारी जाऊन उभी राहिली. मुजावरांनी माझ्या कोपराला हात लावला.

“उज्ज्वलाताईंची पूर्ण तयारी आहे,” मी म्हणाले. “माझी नाही. मी विरोध नोंदवलाय.”

तात्यांना कळेचना. त्यांनी मुजावरांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मी घडाघडा बोलत सुटले. बाई एकट्या आहेत, पाठीशी नवरा नाही, उद्या काही कमी-जास्त झालं तर त्यांच्याकडे कोण बघणार, मला हे पटत नाही. प्रत्येक शब्द त्या घराचा अपमान होता, हे मला बोलतानाच समजत होतं.

“आमी मेलो का?” तात्या म्हणाले. आवाज अजूनही मऊच. “तिला बघायला आमी मेलो का, मॅडम?”

मी उज्ज्वलाकडे बघितलं. आमचं आधी काहीच ठरलं नव्हतं. मी हे असं करणार हे तिला माहीत नव्हतं. तिनं एकदाच, पापणी लवावी इतकाच वेळ, माझ्याकडे बघितलं आणि ती धाडकन जमिनीवर बसली.

“मी हो म्हणाले होते,” ती ओरडली. “तुमच्या तोंडावर हो म्हणाले होते. माझ्या भावाच्या जिवावर का उठलात तुम्ही?” कपाळ बडवून घेत होती. “त्याला काही झालं तर तुम्हाला सुखाचा घास लागायचा नाही. निर्वंश होईल तुमचा.”

विश्वजितच्या बायकोनं तिला मिठीत घेतलं. दोघी रडत होत्या. वॉर्डातल्या नर्सा बाहेर येऊन उभ्या राहिल्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तशीच उभी. मनात एकच: हे नाटक की खरं? कारण ते रडणं खरं होतं. मी इतकी वर्षं इस्पितळात काढली आहेत, खोटं रडणं मला ओळखू येतं.

तात्यांनी तिला हाताला धरून उठवलं. स्वतःच्या उपरण्यानं तिचं तोंड पुसलं. जाताना माझ्याजवळ थांबले आणि एवढंच म्हणाले, “बघू आता.”

त्या ‘बघू’नं माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या विभागाच्या व्हरांड्यात त्यांची दोन माणसं येऊन बसायला लागली. काही करायची नाहीत. मी आले की उठून उभी राहायची, ‘नमस्कार मॅडम’ म्हणायची आणि परत बसायची. तासाला चालले की नमस्कार, तासावरून आले की नमस्कार. पोलिसांत काय सांगणार, नमस्कार करतात म्हणून? मी मागच्या जिन्यानं जायला लागले, तर तिथंही एक माणूस येऊन बसला. आईनं फोनवर राजीनामा देऊन ये म्हणून धोशा लावला. अधिष्ठात्यांनी बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि विरोध मागे घ्या म्हणाले. मुलगी तयार आहे, घर तयार आहे, सगळं जुळतंय, मग तुमच्या पोटात काय दुखतंय. खरं सांगायची सोय नव्हती. त्यांची ट्रस्टींकडे आणि ट्रस्टींची तात्यांकडे रोजची ऊठबस. मी नुसती मान हलवत राहिले. हेकट बाई, ते म्हणाले. माझी पदोन्नती तेव्हा जी अडली ती पुढं बरीच वर्षं अडलेलीच राहिली.

पण खरी धास्ती वेगळीच होती. तात्यांनी पुण्याच्या इस्पितळात सगळं नव्यानं सुरू केल्याचं मुजावरांकडून कळलं. तिथं उज्ज्वलाला पुन्हा विचारणार, भरल्या खोलीत, तात्यांसमोर. आणि ती हो म्हणणार. ती रडली ते खरं असेल, तिचं मन पालटलं असेल, असंही मला वाटायचं, आणि वाटलं की जरा बरं वाटायचं. मग दाराखालच्या त्या फटीकडे लागलेले तिचे डोळे आठवायचे.

एके दिवशी व्हरांड्यात कुणीच नव्हतं. मागच्या जिन्यावरही नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले. मला कळलं.

विश्वजितला जंतुसंसर्ग झाला होता. पुण्याची तारीख यायच्या आधीच तो गेला. मुजावर माझ्या खोलीत येऊन सांगून गेले. मला रडू येत होतं, त्या हसऱ्या मुलासाठी, त्याच्या बायकोसाठी. आणि त्याच वेळी आत कुठंतरी हुश्श वाटत होतं, की आता उज्ज्वलाला कुणी विचारणार नाही. त्या हुश्श वाटण्याची मला जितकी भीती वाटली, तितकी त्या माणसांची कधी वाटली नव्हती.

त्यानंतर मी एक बदल मात्र भांडून करून घेतला. देणाऱ्या माणसाला आधी मी भेटणार, रक्त नंतर काढायचं. आज आमच्याकडे तसंच चालतं आणि कुणी का म्हणून विचारत नाही.

बरीच वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले, केस पांढरे झाले. एका दुपारी तास संपवून खोलीत आले तर शिपाई म्हणाला, कुणी म्हातारे गृहस्थ बसलेत. आत तात्या होते. अंगानं निम्मे झालेले, हातात काठी.

त्यांनी नमस्कार केला. पाणी दिलं ते घेतलं. भट्ट्या मुलाच्या हाती दिल्या, विशूच्या बायकोचं आम्हीच दुसरं लग्न लावून दिलं, असं इकडचं तिकडचं बोलले. उज्ज्वला त्यांच्याकडेच होती. घर तिच्याच हातात, किल्ल्या तिच्या कमरेला, तिला विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही, म्हणाले. विशूच्या श्राद्धाला ती दर वर्षी तुमचं नाव घेऊन रडते.

मी मान खाली घातली.

“मॅडम, मी काय भांडायला आलो न्हाई,” ते म्हणाले. “माजं आता थोडंच राहिलंय. येक इचारायचं हाय. त्या दिवशी आत लई वेळ लागला. मी दाराशीच हुतो. हो म्हनायला येवढा वेळ लागत न्हाई. इतकी वर्सं मला ते टोचतंय. ती न्हाई म्हनली हुती का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. थकलेला, सज्जन म्हातारा माणूस.

“मी तिला काय करनार न्हाई. काय करनार आता? पन तुमास्नी मी रोज शिव्या देतो, मॅडम. देवापुढं बसून देतो. तुमचा दोष नसंल तर मला ते थांबवायचंय. मराच्या आदी थांबवायचंय.”

किती सोपं होतं. एक शब्द. या माणसानं मला माफ केलं असतं, कदाचित पाया पडला असता. तिलाही काही म्हणाला नसता, त्याची मला खात्री वाटत होती. संध्याकाळी घरी गेला असता, पाटावर बसला असता, आणि तिनं वाढायला हात पुढे केला की क्षणभर त्या हाताकडे बघितलं असतं. तेवढंच.

“तात्या, ती हो म्हणाली होती,” मी म्हणाले. “लगेच म्हणाली. वेळ लागला तो मी तिला नको देऊ म्हणून समजावत होते त्याचा. तिनं ऐकलं नाही. म्हणून मग मी विरोध केला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची मान बारीक हलत होती, वयानं असेल.

“म्हंजे मी बरोबरच शिव्या देत हुतो.”

“बरोबरच.”

ते काठीवर जोर देऊन उठले. नमस्कार केला नाही. मी दारापर्यंत गेले, मग खिडकीशी आले. खाली फाटकाजवळ त्यांची गाडी उभी होती, आणि गाडीशेजारी, उन्हात, उज्ज्वला. ती आमच्या इमारतीच्या दाराकडे बघत होती. तात्या बाहेर पडले तशी ती दोन पावलं मागं सरकली आणि गाडीला टेकली.

ते तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलले. तिनं पदर तोंडाशी नेला. मग तात्यांनी काठी गाडीला टेकवून ठेवली, तिच्यासाठी दार उघडलं, आणि ती नीट आत बसेपर्यंत ते दार धरून उन्हात उभे राहिले.